एकाच दिवशी, दोन्हीकडून

१८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले मलकापूरजवळ भेटले आणि दोघांच्या फौजा वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला तळ देऊन बसल्या. इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीबरोबरच होता. त्याची मागणी एवढीच होती की निजामाच्या सरहद्दीवरून मागे फिरा. त्यावर या दोघांनी उलट प्रस्ताव ठेवला. आम्ही बऱ्हाणपूरला जातो, तुमच्या फौजा मुंबई, मद्रास आणि श्रीरंगपट्टणच्या आपापल्या ठाण्यांवर जाऊ द्या. तारीख ठरवा. तुमचे लोक ज्या दिवशी तिकडे पोचतील, त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपुरात असू.

इंग्रजांच्या दख्खनमधल्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याने तो प्रस्ताव फेटाळला. बऱ्हाणपूर सरहद्दीपासून काही दिवसांच्या मजलेवर, श्रीरंगपट्टण महिनोन्‌महिन्यांच्या वाटेवर. ही मंडळी चार दिवसांत परत येतील, मी येऊ शकणार नाही, असा त्याचा हिशोब. हिशोब खोटा नव्हता. शिवाय शिंदे-भोसले यशवंतराव होळकरांची वाट पाहत होते आणि त्यांना वेळ हवाच होता. तरीही मराठी बाजूने त्या उन्हाळ्यात मांडलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच होती, असं मला वाटतं. कुणी आधी मागे सरायचं, या एका प्रश्नावर जगातल्या निम्म्या वाटाघाटी फुटतात. 'एकाच दिवशी, दोन्हीकडून' हे त्यावरचं उत्तर आहे, आणि या लेखात मागोवा घ्यायचा आहे तो त्याचा.

३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. ६ तारखेला वेलस्लीने युद्ध पुकारलं आणि १२ ला अहमदनगरचा किल्ला घेतला.

पण खरी मेख उत्तरेत होती. आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली, याने उत्तरेतला सेनापती जनरल लेक याला २७ जुलैलाच लिहून कळवलं होतं की यमुनाकाठचं फ्रेंचांचं राज्य मोडून काढायचं आणि त्याचं लष्करी सामर्थ्य नाहीसं करायचं. हे 'राज्य' म्हणजे शिंद्यांचे कवायती कंपू. द बॉयन या युरोपीय सेनानीने उभे केलेले, आता फ्रेंच सेनानी पेराँच्या हाताखाली असलेले, आग्र्याला स्वतःचा तोफखाना बाळगणारे. म्हणजे कॉलिन्स इकडे मुक्कामाच्या तारखांवर घासाघीस करत होता तेव्हा तिकडे शत्रूच्या हातातलं शस्त्र आणि ते घडवणारी विद्या उखडून टाकायचा निर्णय कागदावर आलेला होता. शत्रूकडे एक घातक तंत्र येतं आहे, ते पुरतं तयार होण्याआधीच मोडावं की बोलणी करून बांधून घालावं, हा आजचा अणुबाँबचा वाद. आपल्या मुलखात तो त्या साली तोफा आणि कंपूंवरून झाला, आणि निकाल मोडण्याच्या बाजूने लागला.

वेलस्लीने जिंकलेल्या असईच्या लढाईनंतरही बोलणी थांबली नाहीत. २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलाशी लढाई-तहकुबी झाली. अट अशी की शिंद्यांनी एलिचपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर जावं. भोसल्यांचा वकील तिथे नव्हता, म्हणून ते त्यात नव्हते. शिंद्यांची फौज काही हलली नाही. ती भोसल्यांचे बंधू मन्याबापू यांच्या फौजेजवळच राहिली. २९ नोव्हेंबरला वेलस्ली पुढे निघाला तेव्हा शिंद्यांचे वकील हल्ला करू नका म्हणून विनवत होते. त्याने ऐकलं नाही. आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगाव आणि शिरसोलीच्या मधल्या मैदानात दिवस कलताना लढाई झाली. सुरुवातीच्या तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या, त्या वेलस्लीने स्वतः सावरल्या. अंधार पडेपर्यंत मराठ्यांच्या ३८ तोफा त्याच्या हाती होत्या. अट पाळली गेली की नाही हे तपासायला तिसरं कुणी नव्हतं. तपासणारा वेलस्लीच आणि तोफ डागणाराही तोच.

मग भोसल्यांचा डोंगरी किल्ला गाविलगड. चिखलदऱ्याला जाणारी माणसं त्याच्या तटाशी फोटो काढून परततात, पण उत्तरेकडच्या बाजूला जाऊन खाली मेळघाटाकडे एकदा नीट पाहावं. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने त्या दऱ्याखोऱ्यांतून वजनी तोफा वर चढवल्या. वाट नव्हती, ती त्याच्याच शिपायांनी केली, आणि जवळजवळ सगळ्या वाटेवर तोफा माणसांनी हाताने ओढल्या. ७ ते १२ डिसेंबर, एवढे दिवस त्यात गेले. १५ तारखेला बाहेरचा तट फुटला. आतल्या तटाला भगदाड नव्हतं, तिथे कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. त्यानंतर किल्ल्यात झाली ती कत्तल होती. किल्लेदार बेनीसिंहाचं प्रेत दरवाजाजवळ मृतांच्या ढिगात सापडलं.

अवघ्या दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. नरनाळा, गाविलगड आणि त्यांच्या पायथ्याचा चार लाखांच्या वसुलाचा मुलूख तेवढा राखला. नरनाळ्यावर चालून जायची वेळच आली नाही. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्या साली झालेले हे दोन्ही मोठे तह आजच्या अमरावतीच्या मातीत लिहिले गेले, आणि दोन्हींत एक सारखं कलम आहे: फ्रेंच माणूस, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कुठल्याही युरोपीय राष्ट्राचा माणूस, किंवा कंपनीच्या संमतीशिवाय इंग्रजांचा प्रजाजन, यांपैकी कुणालाही चाकरीत ठेवायचं नाही. मुलूख घेतला त्याहून मला हे कलम बोलकं वाटतं. शस्त्र काढून घेतलं, आणि ते शिकवणाऱ्याचा रस्ताही बंद केला. आज परदेशी शास्त्रज्ञ, सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग, निर्यातबंदीच्या याद्या यांवर ज्या बैठका चालतात, त्यांचा हा पणजोबा.

तह लढाईने लिहिला गेला, म्हणून तो टिकला पुढच्या लढाईपर्यंतच. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचे उरलेले किल्लेही गेले. वऱ्हाड निजामाकडे, तिथून १८५३ मध्ये कंपनीच्या कारभाराखाली, आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर. या सगळ्यात वऱ्हाडच्या माणसाला कुणी विचारलं नाही.

१९४७-४८ मध्ये मोडावं की बोलावं हा तोच प्रश्न हैदराबादच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. वऱ्हाडावर नावापुरता निजामाचा हक्क होता, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. दहा महिने बोलणी चालली. त्याच काळात सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबादेत शस्त्रं उतरवत होता, निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार सीमेवरच्या गावांत धुमाकूळ घालत होते आणि दिल्लीत नेहरू थांबा म्हणत होते तर सरदार पटेल चला म्हणत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. ती कारवाई टाळता आली असती असं मी म्हणणार नाही. रझाकारांच्या राज्यात बोलणी करायला समोर कुणी उरलंच नव्हतं. पण त्यानंतर काय झालं, तेही त्याच पानावर लिहायला हवं. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मारल्या गेलेल्या मुसलमानांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन मराठी नावं होती. पाच दिवसांत आटोपलेल्या कारवाईचा हा हिशोब सरकारी कपाटात कितीतरी दशकं पडून राहिला.

वऱ्हाडात शांतता आणि लढाई या दोन बाजू एकाच माणसात सुखाने नांदलेल्याही दिसतात. मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म-विश्वशांती परिषदेला गेले, हिरोशिमाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं तेव्हा हेच महाराज खंजिरी घेऊन जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले. त्यांच्या भक्तांना यात विसंगती वाटली नाही आणि मलाही वाटत नाही.

मग हा प्रश्न खुद्द अणुबाँबवर आला. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली, १९७४ मध्ये भारताने. पाकिस्तान कहूटाला युरेनियम समृद्ध करू लागला. ७ जून १९८१ ला इस्राएलच्या विमानांनी इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली आणि त्यानंतर भारतातही हा विचार जोर धरू लागला. कहूटावर हल्ला करता येईल का, याचा हवाई दलाने अभ्यास केल्याचं पुढे अनेकांनी लिहिलं. या प्रश्नाचं उत्तर होतं मुंबईत, म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात. कहूटा उडवलं तर ट्रॉम्बे उडेल, असा इशारा पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाच्या मुनीर अहमद खान यांनी व्हिएन्नात भारतीय अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांना दिला, अशी हकीकत राज चेंगप्पांच्या 'वेपन्स ऑफ पीस'मध्ये आहे. अणुभट्टी फुटली तर तिचा धूर कुणाच्या सरहद्दी विचारत नाही.

१७ डिसेंबर १९८५ ला, देवगावच्या तहाच्याच तारखेला, राजीव गांधी आणि पाकिस्तानचे जनरल झिया दिल्लीत भेटले आणि एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही असं तोंडी ठरलं. लेखी करार ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादेत झाला. सह्या परराष्ट्र सचिवांच्या: के. पी. एस. मेनन आणि हुमायून खान. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री होते विदर्भातल्या रामटेकचे खासदार पी. व्ही. नरसिंह राव. २७ जानेवारी १९९१ ला करार अमलात आला.

कराराचं काम अगदी साधं आहे. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देशांनी आपापल्या अणुप्रकल्पांचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याला द्यायचे. अणुभट्ट्या, इंधन बनवण्याचे कारखाने, समृद्धीकरणाची आणि पुनर्प्रक्रियेची ठिकाणं, सगळी. एक यादी दिल्लीत, दुसरी इस्लामाबादेत, एकाच दिवशी. १९९२ पासून हे चालू आहे, २०२५ च्या १ जानेवारीची देवाणघेवाण चौतिसावी. पहिल्या याद्यांत समोरच्याने काहीतरी लपवलं, असा संशय दोन्हीकडे होता. तरी प्रथा मोडली नाही. कारगिल झालं, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही फौजा महिनोन्‌महिने सीमेवर उभ्या राहिल्या, २६/११ झालं, बालाकोट झालं, आणि १ जानेवारीला यादी गेली. मे २०२५ च्या लढाईत पाकिस्तानच्या अण्वस्त्रांशी नाव जोडलं जाणाऱ्या किराणा टेकड्यांवर हल्ला झाल्याची आवई उठली तेव्हा एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकारांसमोर उभं राहून तिथे आपण मारा केला नाही असं सांगितलं. लढाई नुकतीच थांबलेली असताना एका देशाच्या हवाई दलाने आपण काय उडवलं नाही हे जाहीरपणे सांगावं, ही लहान गोष्ट नव्हे.

हे टिकलं ते प्रेमामुळे नाही. या देवाणघेवाणीत कुणीही आधी मागे सरत नाही, कुणी कुणाला शिक्षा करत नाही, म्हणून टिकलं. बऱ्हाणपूर आणि श्रीरंगपट्टणमध्ये जे अंतर होतं, तसलं अंतर या याद्यांमध्ये नाही.

याउलट इराणचं बघा. २०१५ चा करार तपासणीवर उभा होता, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची माणसं तिथे जात होती. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिका त्यातून बाहेर पडली. १३ जून २०२५ ला इस्राएलने हल्ले सुरू केले तेव्हा अमेरिका-इराण बोलण्यांची पुढची फेरी दोनच दिवसांवर होती, आणि २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. शिंद्यांचे वकील अडगावला विनवत होते, ते मला तेव्हा वारंवार आठवलं. इमारती पडल्या. पण समृद्ध युरेनियमचा साठा नेमका कुठे आहे, हे सांगणारे निरीक्षक त्यानंतर त्या ठिकाणी उरले नाहीत. फोर्दो फोडणं जमलं, फोर्दोत काय होतं ते मोजणं बंद पडलं. हल्ल्याची बाजू घेणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या यादीला पुढे दोन भावंडं झाली. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी कळवायचा करार २००५ मध्ये झाला, अण्वस्त्रांच्या अपघाताबद्दलचा २००७ मध्ये. ९ मार्च २०२२ ला चुकून सुटलेलं भारताचं एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणूस दगावला नाही. ते क्रूझ जातीचं होतं, आणि २००५ च्या करारात फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं आहेत. क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी तसाच, दोन्हीकडून सारखा, कागद करायला कुठल्या लढाईची वाट पाहायची गरज नाही.