पोढी, तलाव आणि सहल

सहल म्हटली की मुलांना आधी डबा आठवतो, मग बस. आणि जायचे कोठे, हे सर्वांत शेवटी! त्यात मुलांचा दोष नाही. आम्ही शिक्षकही आधी बसगाड्याच मोजतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची सहल मात्र मी अभ्यासाचा तास समजतो. त्याचे कारण त्या रानाच्या इतिहासात आहे.

एवढ्या मोठ्या शहराच्या उशाशी हे रान शिल्लक कसे राहिले? मुख्यतः पाण्यामुळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षे कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी कोरली गेली. कल्याण, सोपारा येथल्या व्यापाऱ्यांनी त्यांसाठी दाने दिली. त्या दानलेखांत लेण्याच्या जोडीने 'पोढी' हा शब्द येतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. चार महिने डोंगरावर धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. म्हणून कातळावर पन्हळी कोरून भिक्षूंनी ते पाणी टाक्यांत वळवले.

पुढे मुंबई वाढली आणि तिच्या विहिरी-तळ्यांना ती पुरेनाशी झाली. १८५६ साली विहार तलावाचे काम निघाले, ते १८६० साली पुरे झाले. १८७९ पर्यंत तुळशी तलावही झाला. तलावात येणारे पाणी स्वच्छ राहावे, म्हणून भोवतालचा डोंगर राखावा लागला. शहराच्या तहानेने रान वाचवले, ते असे! तेच आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांवर पसरले आहे.

याच विहारच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीत जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरांत शिरली. नदीचे पात्र आपण किती आवळले, हे त्या दिवशी मुंबईला कळले. मुलांना ते पुराआधी कळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे सहलीचे पत्र पाठवायचे, ते बरेच आधी. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा तो वार टाळायचा. पत्रात तारीख, इयत्ता आणि मुलांची संख्या तर हवीच. पण वर्गात काय शिकवून झाले आणि मुलांना काय पाहायचे आहे, हेही मी लिहितो. तुकडी लहान ठेवतो, कारण मागच्या मुलाला ऐकू आले नाही, तर माहिती सांगणाऱ्याची मेहनत फुकट जाते. निघण्यापूर्वी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो : 'नळाला पाणी कोठून येते?'

पालकहो, यंदा संमतीपत्र घरी येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी हाच प्रश्न मुलाला घरीही विचारा. परत आल्यावर पुन्हा विचारा. उत्तरात पोढी, तुळशी आणि मिठी आली, तर सहल सार्थकी लागली असे समजा; डब्यातल्या पुऱ्या उरल्या तरी चालतील!