महासीर, गळ आणि ऋतू

नेर परसोपंत हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. समुद्र येथून फार दूर. अशा गावी बसून सॅमन या विलायती माशाच्या गळाविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. परंतु पावसाळ्यात ओहोळाच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा, पाणी निवळल्यावर जाळे आणि उन्हाळ्यात डोहाकाठी गळ, ही भोयांची रीत आम्ही लहानपणापासून पाहिली. हाच क्रम पुढे एका इंग्रजी ग्रंथात भेटला, तेव्हा गंमत वाटली.

इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावरच्या रावसाला 'इंडियन सॅमन' म्हटले खरे. पण गळाला लागल्यावर सॅमनसारखा झुंजणारा मासा त्यांना मिळाला तो नद्यांत. तो म्हणजे महासीर. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतल्या महासीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला 'खुद्री' हे इकडच्याच बोलीतले नाव दिले.

गळाचे शास्त्र मात्र रचले हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने. 'द रॉड इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. महासीराच्या ओठांत दात नसतात. ते असतात घशात, आणि जबड्याची पकड अशी की विलायतेहून आणलेला नाजूक गळ चिरडून जातो. म्हणून गळ जाड आणि दोर शंभर वारांहून लांब हवा, कारण गळ लागताच मासा प्रवाहाबरोबर धाव घेतो.

उरलेली निवड ऋतू करतो. भर पावसाळ्यात गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसत नाही; शिवाय तो अंडी घालण्यासाठी वर चढत असतो. तेव्हा काठी घरीच ठेवावी. दसऱ्यानंतर पाणी निवळू लागले की धातूचा चमचा उपयोगी पडतो. पाण्यात गरगर फिरताना तो चकाकत्या लहान माशासारखा दिसतो. हिवाळ्यात पाणी आरशासारखे होते. जाड दोर माशाला दिसतो, म्हणून टोकाचा तंतू बारीक घ्यावा लागतो. उन्हाळ्यात मासा डोहात उतरतो आणि भूक लागेल ते खातो. काठच्या झाडांची पडलेली फळेसुद्धा! कावेरीकाठी तर नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा हेच उत्तम आमिष ठरले. साहेबाच्या पेटीतल्या रंगीत माश्यांना त्या गोळ्याने मागे टाकले, याचे मला तरी नवल वाटत नाही. काठीचेही तेच. विलायतेत चिरफळ्या जोडून केलेल्या कितीएक काठ्यांचा बांबू 'कलकत्ता' या नावाने भारतातूनच जात असे.

थॉमस केवळ शौकीन नव्हते. विष कालवून आणि बारीक सापळे लावून पिल्लेही मारली जातात, हे त्यांनी १८७० च्या अहवालात सरकारपुढे मांडले होते. सुरुंग व विष यांना मनाई करणारा कायदा १८९७ मध्ये झाला.

१९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाने काढला. तो विक्रम अजून सांगितला जातो. पुढे धरणे वाढली, मासा घटला. सत्तरच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महासीराची पैदास सुरू केली. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. तेथली पिल्ले दूरदूरच्या राज्यांत गेली. साइक्सचा खुद्री वाचला. २०१८ साली तो धोक्याच्या यादीतून बाहेर आला. परंतु तोच मासा कावेरीत सोडला गेला आणि तेथे इतका फोफावला, की तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महासीर मागे पडला. या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.