सिंटॅक्स हायलायटिंग

वेब अ‍ॅपवर दाखवलेल्या कोडमधील कीवर्ड, आकडे, टिप्पण्या वेगवेगळ्या रंगांत उठून दिसाव्यात यासाठीची सोय. कोडच्या चालण्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. वाचणे तेवढे सुकर होते. वेबसाठी हायलाइट-जेएस (२००६) आणि ली व्हेरू यांचे प्रिझम (२०१२) या लायब्ररी रूढ आहेत. लायब्ररी रेग्युलर एक्स्प्रेशनच्या साहाय्याने कोडचे तुकडे पाडून ते ‘स्पॅन’ टॅगमध्ये घालते. रंग ठरवते सीएसएस. त्याआधी कोडमधले कोनी कंस एस्केप करावे लागतात, नाहीतर ब्राउझर त्यांनाच टॅग समजतो. नवख्यांची पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

गोव्यात शासनाच्या ‘केअर्स’ योजनेतून कोडिंग शाळांपर्यंत पोचले आहे. त्यामुळे पेडणे, डिचोलीसारख्या मराठी वाचणाऱ्या तालुक्यांत कोडमध्ये देवनागरी लिहिली तर ती रंगते का, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. मराठी टिप्पणी बिनतक्रार रंगते, कारण पायथनमध्ये ‘हॅश’ चिन्हापासून ओळ संपेपर्यंतचे सारे टिप्पणीतच धरले जाते. ‘काजूदर’ हे फंक्शनचे नाव पायथन ३ स्वीकारतो. प्रिझमचा नियम मात्र तिथे रोमन अक्षर शोधतो, म्हणून ते बिनरंगी राहते. दर देवनागरी अंकांत ‘१२०’ लिहिला, तर खुद्द पायथनच अडतो.