‘करी’ : एका क्रियारूपाचे स्थलांतर

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण ऐकताना देवाने कधीकाळी तारले होते, असे कोणी समजत नाही. मात्र ‘तो पहाटे उठे, नदीवर जाई’ हे वाक्य आपण निःशंकपणे भूतकाळात वाचतो. रूपे एकाच घडणीची; काळ मात्र दोन. या विसंगतीत मराठीचा सात शतकांचा इतिहास दडलेला आहे.

‘करी’ हे रूप मुळात वर्तमानकाळाचे. संस्कृत ‘करोति’, प्राकृत ‘करेइ’, मराठी ‘करी’ अशी त्याची वंशरेषा. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत ते बहुधा वर्तमानाचाच अर्थ देते. पुढे धातुसाधितापासून बनलेल्या ‘करतो’ने वर्तमानाची जागा घेतली, आणि ‘करी’ मागे सरकून गतकाळातील सवय सांगू लागले. जे नेहमी घडते आणि जे नेहमी घडत असे, यांतील ‘नेहमी’ हा दुवा तेवढा टिकला. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली प्रसिद्ध झाले. आपली शालेय व्याकरणे या रूपास ‘रीतिभूतकाळ’ म्हणतात.

स्पॅनिशचा मार्ग निराळा. तेथे ‘आब्लार’ (बोलणे) पासून ‘आब्लाबा’, ‘कोमेर’ (खाणे) पासून ‘कोमिआ’ अशी रूपे होतात. अनियमित क्रियापदे अवघी तीन. हा काळ लॅटिनपासून भूतकाळच राहिला. त्यातील ‘बा’चे मूळ संस्कृत ‘भू’शी सगोत्र असलेल्या धातूत आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. म्हणजे सवय सांगण्यासाठी तेथेही ‘असणे’च मदतीस आले, जसे आपल्या ‘करत असे’मध्ये येते.

आमच्या भिवंडीत यंत्रमागांच्या गल्ल्यांतून मराठी, उर्दू, तेलुगू एकाच दिवशी कानी पडतात. उर्दूभाषक ‘करता था’ म्हणतो, तेलुगूभाषक ‘चेसेवाडु’, आणि मराठी विद्यार्थी ‘करायचा’. ‘करी’ आता बोलण्यातून जवळजवळ गेले. ते कथाकादंबऱ्यांत आणि ‘येईना’, ‘जाईना’ अशा नकारांत उरले आहे.

यात हळहळण्यापेक्षा सावध होण्याजोगे अधिक आहे. आजचा वाचक ज्ञानेश्वरीतील ‘करी’ सवयीने भूतकाळात वाचतो, आणि समोर चाललेले निरूपण त्याच्यासाठी गतकथा बनते. जुने काव्य शिकविताना शब्दार्थाआधी क्रियापदाचा काळ तपासावा, तो यासाठीच.