ब्रेक-इन (पिस्तूल)

ब्रेक-इन म्हणजे नवे अर्धस्वयंचलित पिस्तूल स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगण्यापूर्वी त्यातून ठरावीक संख्येने फैरी झाडून ते रुळवण्याची व पारखण्याची प्रक्रिया होय. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. एकमेकांवर घासणारे भाग सुरळीत होणे हा तिचा एक हेतू. पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि नेमबाज यांचा मेळ बसतो की नाही हे तपासणे हा दुसरा व अधिक महत्त्वाचा हेतू होय.

यांत्रिक कारणे

गोळी सुटताच निर्माण होणाऱ्या प्रतिक्षेपाने स्लाइड मागे सरकते व रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. त्यानंतर स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि मॅगझिनमधील पुढील काडतूस चेंबरमध्ये शिरते. नव्या पिस्तुलात स्प्रिंग ताठ व पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्यास हे चक्र अपुरे राहून काडतूस किंवा पुंगळी अडकू शकते. रिव्हॉल्व्हरचे चक्र प्रतिक्षेपावर अवलंबून नसल्याने त्याला अशा रुळवणुकीची गरज कमी भासते.

पद्धत

प्रथम पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार साफ केले जाते व त्याला वंगण दिले जाते. ग्लॉक पिस्तुलांच्या स्लाइडमध्ये कारखान्यातच लावलेले तांबूस वंगण मात्र काढू नये, अशी उत्पादकाची सूचना असते. त्यानंतर नेमबाजीच्या अधिकृत मैदानावर साधारणतः २०० ते ५०० फैरी झाडल्या जातात. काहर या अमेरिकी कंपनीने आपल्या पिस्तुलांसाठी २०० फैरींची शिफारस केली आहे.

मॅगझिनना क्रमांक देऊन प्रत्येक अडथळ्याची नोंद ठेवल्यास निदान सोपे होते. अडथळे एकाच मॅगझिनमध्ये येत असल्यास दोष बहुधा त्या मॅगझिनचा असतो, एकाच प्रकारच्या काडतुसांत येत असल्यास त्या काडतुसांचा. एकाच नेमबाजाच्या हाती येत असल्यास सैल पकड हे कारण संभवते. शेवटी प्रत्यक्ष बाळगावयाची काडतुसे वापरून चाचणी घेतली जाते. कारण पोकळ टोकाच्या गोळीचा आकार सरावाच्या गोल टोकाच्या गोळीहून भिन्न असतो. एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये भरल्यास गोळी पुंगळीत आत सरकून दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो.

मर्यादा व मतभेद

चांगल्या बनावटीच्या पिस्तुलाला ब्रेक-इनची गरज असू नये, असे काही जाणकारांचे मत आहे. 'अजून रुळायचे आहे' या सबबीखाली खरा दोष दुर्लक्षिला जाण्याचा धोकाही असतो. तसेच निर्दोष चाचणी ही पूर्ण हमी नव्हे. सांख्यिकीतील 'तीनच्या नियमा'नुसार २०० फैरी विनाअडथळा पार पडल्यास ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, अडथळ्याचे प्रमाण सुमारे दीड टक्क्याहून अधिक नाही. हीच मर्यादा एक टक्क्यावर आणण्यासाठी ३०० निर्दोष फैरी लागतात.

इतिहास

विश्वासार्हतेच्या चाचणीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेले, जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट पिस्तूल. निवडीपूर्वीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० फैरी झाडण्यात आल्या; तापलेले पिस्तूल पाण्यात बुडवून थंड करण्यात आले. कोल्टमध्ये एकही बिघाड नोंदला गेला नाही, तर प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुलात ३७ बिघाड झाले.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार पिस्तूल बाळगण्यासाठी परवाना आवश्यक असतो व परवान्यावर काडतुसांची कमाल संख्या नमूद केलेली असते. त्यामुळे शेकडो फैरींची अमेरिकी पद्धत येथील सामान्य परवानाधारकास सहसा शक्य होत नाही. अशा वेळी साफसफाई, वंगण आणि मॅगझिनची तपासणी यांचे, तसेच मोजक्या फैरींच्या काटेकोर नोंदीचे महत्त्व वाढते.