तुंबलेल्या तोटीची कुळकथा

राष्ट्राराष्ट्रांतील वैराचा उलगडा करताना सामाजिक मानसशास्त्र ज्या सामायिक गरजेच्या सिद्धांताचा आधार घेते, त्याचे जन्मस्थान म्हणून ओक्लाहोमातील १९५४ सालच्या शिबिराकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी तेथे बावीस मुलांचे दोन गट पाडले, स्पर्धा लावताच प्रकरण परस्परांची निशाणे जाळण्यापर्यंत गेले, आणि मग टेकडीवरील टाकीच्या तोटीत गोणपाट कोंबलेले निघाल्यावर घसा कोरडा पडलेल्या उभय गटांनी मिळून ते उपसले. पुढे अडलेली मोटार ओढावयास त्यांनी दोर घेतला, तो त्यांच्याच रस्सीखेचीचा!

माझ्या मते मात्र या तोटीचे मूळ तुर्कस्तानातील स्मर्ना बंदरात आहे. मे १९१९ मध्ये ग्रीक फौज तेथे उतरली, तेव्हा शेजारच्या माणसाचा वध होताना आपण पाहिला, असे शेरीफ यांनीच पुढे सांगितले. मंदीच्या अमेरिकेने त्यांना सामायिक गरजेचा विचार दिला असे कोणी म्हणेल. परंतु टंचाईतून वैराची मीमांसा निघते, वैऱ्यांना एकत्र नांदविण्याची तळमळ निघत नाही. १९५३ साली न्यूयॉर्क प्रांतातील त्यांच्या आधीच्या शिबिरात मुलांनी, गट पाडण्यापूर्वीच स्नेह जुळल्यामुळे, भांडावयाचे नाकारले व प्रयोग मोडला. तरी शेरीफ यांनी वर्षभरात नवा मांडला, तो त्या तळमळीपोटीच.

त्यांचे कोलंबियातील गुरू गार्डनर मर्फी युनेस्कोच्या वतीने १९५० साली भारतातील सामाजिक तणाव अभ्यासण्यास आले होते. त्यांचा ग्रंथ निघाला १९५३ मध्ये, शिबिराच्या आदल्याच वर्षी. हिंदुस्थानचा अनुभव शिष्याच्या कानी पडला असणारच, असा माझा ठाम तर्क आहे.

जुन्या औरंगाबादेतील औरंगपुऱ्यात राहणाऱ्याला येथे मलिक अंबरची नहर आठवावी, हे ओघाने आलेच. ज्या हबशी वजीराशी मोगलांनी हाडवैर धरले, त्याच्याच नहरीवर पुढे मोगल मनसबदारांचे पुरे वसले. पण तो दाखला मी शेरीफ यांच्या पदरात घालणार नाही. तेथे एक पक्ष जिंकला होता, आणि जेत्याला पाण्यासाठी कोणाचा हात धरावा लागत नाही. खरी कसोटी सिंधूच्या पाण्याची: १९६० चा करार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतूनही टिकला, युद्धे मात्र टळली नाहीत, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. यावरून सिद्धांत खोटा ठरविणाऱ्यांनी शिबिराचा वृत्तांत पुरता वाचावा: शेरीफ यांनाही एकटी तोटी पुरली नव्हती, पाणी आले तसा मुलांचा तंटा पुन्हा उफाळला, आणि अशी कामे एकामागून एक योजावी लागली.