अर्ध्या कागदावरचा निर्णय

इंग्लंडातील लीड्स गावचे धर्मोपदेशक व रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली १७७२ साली पेचात होते: लॉर्ड शेलबर्न यांची नोकरी पत्करावी काय? बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यांना उत्तर दिले नाही, रीत कळविली. अर्ध्या कागदावर मधोमध रेघ ओढा; अनुकूल व प्रतिकूल कारणे तीनचार दिवस सुचतील तशी दोहींकडे लिहा. मग तुल्यबळ कारणे समोरासमोर खोडा. एक अनुकूल दोन प्रतिकूलांच्या तोडीचे असेल, तर तिन्ही खोडा. सारी कारणे एकाच वेळी मनात उभी राहत नाहीत, म्हणून ही खटपट. १७७३ साली प्रीस्टली शेलबर्नकडे गेले.

आपल्या सभांत मोठ्या आवाजाचेच कारण ऐकू येते. फळ्यावर रेघ ओढली, तर हळू बोलणाऱ्याचेही सर्वांना दिसेल. वजनाविषयी एकमत होईलच असे नाही. पण मतभेद नेमका कोठे आहे, एवढे तरी आपणांस कळेल.